जखमी यष्टिरक्षक आणि मधले महिने : एक अभ्यास

वार्षिक अहवाल हाती घेणाऱ्या वाचकाची व्यवस्थापनाकडून जमा-खर्च, उपलब्ध सोयी आणि देणगीदारांचे ऋणनिर्देश एवढीच अपेक्षा असते. ते सर्व या अहवालाच्या अन्य पानांवर यथास्थित आले आहे. मात्र रुग्णालयाच्या नोंदवह्या चाळताना वर्षभरात एखादा विषय पुन्हा पुन्हा समोर येतो आणि त्याचा थोडा अभ्यास करावा असे वाटते. यंदाचा विषय क्रिकेटचा आहे. आमच्या हितचिंतकांना याचे नवल वाटेल, हे आम्ही जाणतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्याने लेखातील वैद्यकीय भाग आमच्या मानद अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे. हिशेबाचा भाग मात्र आमचा आहे.

पोशीर व आसपासच्या गावांत भातकापणी आटोपली, की ज्या खाचरांत वाल किंवा हरभरा पेरलेला नसतो ती खाचरे सपाट करून खेळपट्ट्या तयार होतात. डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत कर्जत-खालापूर भागात टेनिस चेंडूवरील स्पर्धांची रेलचेल असते. फलक लागतात, ध्वनिक्षेपक लागतात, चषक आणि रोख बक्षिसे जाहीर होतात. त्याच महिन्यांत, विशेषतः सोमवारी, आमच्या बाह्यरुग्ण विभागात सुजलेली बोटे आणि लंगडणारे पाय दिसू लागतात. त्यांत यष्टिरक्षकांचा वाटा आमच्या डोळ्यांत भरला. कारण उघड आहे. आपल्याकडील यष्टिरक्षक बहुधा हातमोज्यांविना, पॅडविना आणि शिरस्त्राणाविना उभा असतो; त्याच्या मागे बांध, बाजूला धसकटे, आणि समोर जड टेनिस चेंडू.

हातमोजे-पॅड असले तरी हे काम अंगमेहनतीचेच. कसोटी सामन्यात दिवसाला ९० षटके टाकली जातात. म्हणजे यष्टिरक्षकाने दिवसभरात किमान ५४० वेळा उकिडवे बसावयाचे आणि उठावयाचे. फलंदाजाच्या दुखऱ्या गुडघ्याला दोन चेंडूंच्या मध्ये उसंत मिळते, गोलंदाजाला षटक संपल्यावर सीमारेषेवर विसावता येते. यष्टिरक्षकाला दोन्ही नाही. त्याहून अवघड गोष्ट अशी की, संघात त्याची जागा एकच असते. फलंदाज सहा असतात, गोलंदाज चार-पाच असतात, पण यष्ट्यांमागे एकच माणूस उभा राहतो. म्हणून त्याची दुखापत ही दुसऱ्या कोणाची तरी संधी असते, आणि बरे होऊन परत येईपर्यंत आपली जागा आपलीच राहील का, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून त्याच्या उशाशी असतो.

एका जागेची गोष्ट

मुंबईच्या समीर दिघे यांना भारताकडून कसोटी खेळण्यासाठी वयाच्या ३२ व्या वर्षापर्यंत थांबावे लागले. मार्च २००१ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी पदार्पण केले आणि अखेरच्या डावात नाबाद २२ धावा करून दोन गड्यांनी मिळालेल्या विजयाला हातभार लावला. सहा कसोटींनंतर ती जागा दुसऱ्याची झाली. मे २००२ मध्ये अजय रात्रा यांनी अँटिग्वा येथे नाबाद ११५ धावा केल्या. यष्टिरक्षक म्हणून कसोटी शतक करणारे ते तोवरचे सर्वांत लहान वयाचे खेळाडू ठरले. तीन महिन्यांत इंग्लंडच्या दौऱ्यावर ते जखमी झाले आणि नॉटिंगहॅमला त्यांच्या जागी १७ वर्षांचे पार्थिव पटेल उतरले.

सोळा वर्षांनी त्याच नॉटिंगहॅमच्या मैदानावर ऑगस्ट २०१८ मध्ये ऋषभ पंत यांचे कसोटी पदार्पण झाले. जागा मोकळी होती ती वृद्धिमान साहा यांची. साहा यांनी जानेवारीत केपटाऊनला एकाच कसोटीत दहा झेल घेतले होते. पुढे आधी मांडीच्या मागचा स्नायू आणि मग खांदा दुखावला, आणि खांद्यावर इंग्लंडमध्ये शल्यक्रिया करावी लागली. साहा २०१९ मध्ये परतले आणि २०२१ अखेरपर्यंत अधूनमधून खेळले, परंतु पहिल्या पसंतीचे स्थान तोवर पंत यांच्याकडे झुकले होते. ज्याने दुसऱ्याच्या दुखापतीतून दार उघडलेले पाहिले, त्याच्यावरच पुढे ते दार बंद होण्याची वेळ आली. आम्ही या लेखासाठी प्रामुख्याने पंत यांचेच उदाहरण घेतले आहे. एक तर ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरे म्हणजे त्यांच्या गुडघ्यावरील शल्यक्रिया आपल्या मुंबईत झाली.

३० डिसेंबर २०२२ रोजी पहाटे दिल्लीहून रुरकीकडे स्वतः मोटार चालवीत जात असताना त्यांची गाडी दुभाजकावर आदळली आणि पेटली. हरियाणा परिवहनच्या बसचा चालक व वाहक मदतीला धावले. क्रिकेट मंडळाने त्या दिवशी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात कपाळावर दोन जखमा, उजव्या गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा, तसेच उजवे मनगट, घोटा, पायाचे बोट आणि पाठ यांना दुखापत असे नमूद होते. प्रथम रुरकी, मग डेहराडून, आणि ४ जानेवारी २०२३ रोजी हवाई रुग्णवाहिकेने मुंबईतील कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात त्यांना हलविण्यात आले. डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी तेथे शल्यक्रिया केली. गुडघा नुसता मुरगळला नव्हता, तो निखळला होता. मज्जातंतूला इजा असती तर पाय कापण्याची वेळ आली असती, असे पंत यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितले. बरे होण्यास १६ ते १८ महिने लागतील, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते.

येथे थोडे थांबून एक गोष्ट आमच्या ग्रामस्थ वाचकांना सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. गुडघ्याच्या सांध्याला चार मुख्य अस्थिबंध बांधून ठेवतात : दोन आत एकमेकांना छेद देणारे आणि दोन बाजूंचे. खेळताना उडी मारून वाकडे पडल्याने बहुधा आतला पुढचा अस्थिबंध तुटतो. डॉक्टर मंडळी त्याला एसीएल म्हणतात. तुटताना अनेकांना ‘खट’ असा आवाज जाणवतो आणि काही तासांत गुडघा सुजतो. ही दुखापत गंभीर, पण तातडीची नव्हे. गुडघा पूर्ण निखळणे ही गोष्ट निराळी. त्या वेळी गुडघ्याच्या मागून पोटरीकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी ताणली किंवा फाटली जाऊ शकते. पाऊल थंड पडले, फिकट झाले, बोटे बधिर झाली किंवा पावलावरची नाडी लागेनाशी झाली, तर सहा तासांच्या आत रक्तपुरवठा पूर्ववत झाला पाहिजे. त्यानंतर पाय वाचविण्याची शक्यता झपाट्याने घटते. पोशीरहून रक्तवाहिन्यांची शल्यक्रिया होईल अशा ठिकाणी पोहोचण्यातच या सहा तासांतील मोठा भाग खर्ची पडतो. अशा वेळी पाय चोळून घेणे, ओढून ‘बसविणे’ किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे हे तिन्ही मार्ग घातक आहेत. आपल्या भागातील हाडवैद्यांविषयी आमच्या मनात अनादर नाही. लचक आणि मुरगळ यांत त्यांनी अनेकांना आराम दिला आहे. परंतु थंड पडलेले पाऊल त्यांच्याकडे नेऊ नये, एवढी आमची विनंती आहे.

शल्यक्रियेनंतरचे खाते

शल्यक्रिया काही तासांची असते. रुग्णालयातील मुक्काम काही आठवड्यांचा. हिशेब तपासणाऱ्या आमच्यासारख्याला कुतूहल वाटते ते पुढच्या महिन्यांचे, कारण देयक चुकते झाले की आमच्या खात्यात त्यांची नोंदच उरत नाही.

अपघातापासून पुन्हा सामना खेळेपर्यंत पंत यांना ४४९ दिवस लागले. या काळात देश आणि क्लब दोघेही थांबले नाहीत. थांबणे शक्यही नव्हते. ९ फेब्रुवारी २०२३ रोजी नागपूरच्या जामठा मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका सुरू झाली आणि के. एस. भरत यांनी यष्टिरक्षक म्हणून पदार्पण केले. जूनमध्ये कसोटी विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यातही तेच होते. जुलैत वेस्ट इंडीजमध्ये ईशान किशन आले, फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला ध्रुव जुरेल. एकदिवसीय विश्वचषकात के. एल. राहुल यांनी हे काम केले. त्या काळी आपल्या विदर्भाच्या संघातून खेळणारे अमरावतीचे जितेश शर्मा यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धेत भारताकडून पहिला सामना खेळला, तेव्हा ते तिशीला टेकले होते. या सर्वांची गुणवत्ता निर्विवाद आहे. एका माणसाच्या अंथरुणाभोवती चौदा-पंधरा महिन्यांत किती जण उभे राहिले, एवढेच आम्हाला दाखवावयाचे आहे.

क्लबाची गोष्ट अधिक हृद्य आहे. दिल्ली कॅपिटल्स संघाने २०२३ च्या हंगामातील आपल्या पहिल्या सामन्यात, लखनौ येथे, पंत यांचा १७ क्रमांकाचा सदरा खेळाडूंच्या बैठकीच्या छतावर टांगला होता. नेतृत्व डेव्हिड वॉर्नर यांच्याकडे दिले गेले, यष्ट्यांमागे पहिल्या सामन्यात मुंबईचे सर्फराझ खान उभे राहिले, आणि संघ त्या वर्षी नवव्या स्थानी राहिला. घरच्या मैदानावरील पहिल्या सामन्याला पंत काठीच्या आधाराने आले.

आणि पैसा? दिल्ली संघाने त्यांना १६ कोटी रुपयांना कायम ठेवले होते. न खेळताही ते मानधन मंडळामार्फत त्यांना मिळेल, असे वृत्त त्या वेळी छापून आले. मंडळाने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलेल्या वार्षिक करारांत त्यांना ‘अ’ श्रेणीत ठेवले, म्हणजे ५ कोटी रुपये. त्या वेळी ते दुखापतीतून सावरत होते. फेब्रुवारी २०२४ च्या यादीत मात्र ते ‘ब’ श्रेणीत, म्हणजे ३ कोटींवर आले, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ‘अ’ श्रेणीत. ‘अ’, ‘ब’, पुन्हा ‘अ’. एका गुडघ्याचा तीन वर्षांचा आलेख याहून थोडक्यात कोणी मांडला असेल असे आम्हाला वाटत नाही. या रकमांशी आपल्या रुग्णांची तुलना करणे हास्यास्पद ठरेल, हे उघड आहे. परंतु रकमेखेरीज त्यात एक तत्त्व दडले आहे. त्या ४४९ दिवसांत चूल कशी पेटेल, हा प्रश्न त्या रुग्णाला नव्हता. सकाळ-संध्याकाळ व्यायाम करणे, हेच त्याचे काम होते, आणि त्या कामाचे त्याला वेतन मिळत होते.

शेवटपर्यंत अनिश्चित राहिला तो यष्टिरक्षणाचा प्रश्न. फलंदाजी करू शकतील, हे २०२४ च्या आरंभी दिसत होते. पण उकिडवे बसू शकतील का, याविषयी दिल्लीचे प्रशिक्षक रिकी पाँटिंग यांनाही खात्री देता येत नव्हती. १२ मार्च २०२४ रोजी मंडळाने निवेदन काढून त्यांना ‘यष्टिरक्षक-फलंदाज’ म्हणून तंदुरुस्त घोषित केले. त्या जोडशब्दातील पहिल्या शब्दाची वाट सारा देश पाहत होता. २३ मार्चला ते मैदानात उतरले, त्या हंगामात १३ सामन्यांत ४४६ धावा केल्या, आणि २९ जूनला बार्बाडोस येथे भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा यष्ट्यांमागे तेच होते. त्या अंतिम सामन्याची एक गंमत रोहित शर्मा यांनी पुढे सांगितली. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या असताना पंत यांनी गुडघा धरून पट्टी बांधून घेतली आणि प्रतिस्पर्ध्यांची लय मोडण्यापुरता वेळ काढला. ज्या गुडघ्याने पंधरा महिने खाल्ले, त्याने थोडी परतफेड केली म्हणावयाचे!

सप्टेंबर २०२४ मध्ये चेन्नईत ते कसोटीत परतले आणि बांगलादेशविरुद्ध १०९ धावा केल्या. अपघातापूर्वीची शेवटची कसोटीही बांगलादेशविरुद्धच होती. इकडे वाट पाहणाऱ्या क्लबाशी असलेले नाते मात्र त्याच वर्षी संपले. नोव्हेंबरच्या लिलावात लखनौ संघाने त्यांना २७ कोटींना घेतले. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यावर लीड्सला दोन्ही डावांत शतके झाली, लॉर्ड्सला डाव्या हाताचे बोट दुखावले, आणि २३ जुलैला मँचेस्टरला चेंडू आदळून उजव्या पावलाचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी ते लंगडत फलंदाजीला आले व ५४ पर्यंत पोहोचले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मोडलेल्या हाडावर उभे राहणे हे रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने कौतुकाने सांगावे असे नव्हे. आमच्याकडील तरुणांनी त्याचे अनुकरण करू नये. त्यानंतरची पाचवी कसोटी आणि ऑक्टोबरमधील वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका त्यांना मुकावी लागली. ऑक्टोबरअखेर बंगळुरूला भारत ‘अ’ संघाकडून खेळून ते नोव्हेंबरमध्ये कसोटी संघात परतले. म्हणजे तीच पायरी पुन्हा एकदा चढावी लागली, या वेळी सुदैवाने लहान.

लॉर्ड्सला बोट दुखावल्यावर यष्टिरक्षण जुरेल यांनी केले आणि फलंदाजी मात्र पंत यांनीच केली. बदली खेळाडूला पंचांच्या संमतीने यष्टिरक्षण करू देण्याची ही मुभा क्रिकेटच्या नियमांत ऑक्टोबर २०१७ पासून आहे. त्यापूर्वी प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या औदार्यावर भिस्त असे. १९८६ साली लॉर्ड्सलाच ब्रूस फ्रेंच जखमी झाले, तेव्हा निवृत्त झालेले ४५ वर्षांचे बॉब टेलर प्रायोजकांच्या पाहुण्यांचे आदरातिथ्य सोडून मैदानात उतरले होते, आणि न्यूझीलंडच्या कर्णधारांनी ते चालवून घेतले. गावच्या स्पर्धांत आजही असा समजूतदारपणा पाहावयास मिळतो. मोठ्या रकमेच्या अंतिम सामन्यात तो थोडा कमी होतो, इतकेच.

डोळ्याविषयी दोन शब्द. सन २००० मध्ये ढाक्याला आशिया चषकात अनिल कुंबळे यांचा चेंडू सबा करीम यांच्या उजव्या डोळ्यावर बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ढाक्यालाच, ते आपली पहिली कसोटी खेळले. तीच शेवटची ठरली. जुलै २०१२ मध्ये टाँटन येथे यष्टीवरची बेल उडून दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचर यांच्या डाव्या डोळ्यावर लागली आणि ९९९ बळींवर त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली. दोन्ही वेळी गोलंदाज फिरकी होते, यष्टिरक्षक यष्ट्यांना खेटून उभे होते. इंग्लंडमध्ये २०१६ पासून व्यावसायिक सामन्यांत असे जवळ उभे राहताना शिरस्त्राण सक्तीचे आहे. आपल्या परिसरातील स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांनी चषकाची उंची चार इंच कमी करून दोन शिरस्त्राणे आणि हातमोज्यांची एक जोडी विकत घ्यावी, अशी सूचना आम्ही येथे करून ठेवतो.

बोटांचे तर आमच्याकडे वारंवार येणारे प्रकरण. चेंडू टोकावर बसून बोटाचे शेवटचे पेर खाली झुकते आणि सरळ होत नाही. उपाय साधा आहे : ते पेर सरळ ठेवणारी छोटी पट्टी सहा ते आठ आठवडे, अहोरात्र. एकदाही बोट वाकू दिले तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावयाचे. पुढच्या रविवारी सामना असल्याने पट्टी काढणारे आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांची वाकडी बोटेही पाहिली आहेत.

आमच्या नोंदवहीतील एक ओळ

आता ज्या कारणास्तव हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळू. जवळच्या एका गावच्या संघाचा यष्टिरक्षक, वय २३, कारखान्यात कंत्राटी कामगार. त्याच्या संमतीने लिहीत आहोत. नाव व गाव देत नाही. गेल्या वर्षी जानेवारीत झेल घेताना पाय बांधाच्या कडेवर पडला आणि गुडघा फिरला. तिसऱ्या दिवशी, चोळून झाल्यावर, तो आमच्याकडे आला. सुदैवाने गुडघा निखळलेला नव्हता. एमआरआय शहरात झाला : पुढचा अस्थिबंध तुटलेला, आतील कूर्चेची गादीही फाटलेली. एप्रिलमध्ये मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात शल्यक्रिया झाली आणि पुढील भौतिकोपचारासाठी त्याला आमच्याकडे पाठविण्यात आले. किमान नऊ महिने सामना नाही, असे शल्यविशारदांनी बजावले होते. नवा अस्थिबंध हाडात रुजून बळकट होण्यास हा अवधी लागतोच. त्याआधी मैदानात उतरणाऱ्यांत तो पुन्हा तुटण्याचे प्रमाण बरेच अधिक असते.

पहिले दहा आठवडे तो नियमित आला. अकराव्या आठवड्यापासून येईनासा झाला. आमच्या वहीत त्याच्या नावापुढे तांबड्या शाईने ‘उपचार सोडले’ असा शेरा पडला. असे शेरे आम्ही आजवर किती सहजतेने मारीत आलो आहोत, हे ती वही पुन्हा उघडल्यावर आमच्या ध्यानी आले.

ऑक्टोबरमध्ये तो सुजलेला गुडघा घेऊन परत आला, तेव्हा आमच्या भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी त्याला रागे भरण्याऐवजी समोर बसवून विचारपूस केली. हकीकत सरळ होती. शल्यक्रियेच्या सुटीत कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. यष्टिरक्षकाचीच गोष्ट, फक्त मैदान निराळे! लावणीच्या दिवसांत तो घरच्या शेतात चिखलात उभा राहिला. मग दुसऱ्या ठिकाणी सकाळच्या पाळीचे काम मिळाले. आमचा भौतिकोपचार विभाग सकाळी दहा ते एक. केसपेपर, उपचाराचे शुल्क आणि रिक्षाचे जाण्या-येण्याचे भाडे मिळून एका खेपेस त्याची निम्मी मजुरी जाई. पाळी बुडविली तर पूर्ण मजुरी. आठवड्याला तीन खेपा सांगितल्या होत्या. हा हिशेब मांडावयास वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. तो आम्ही मांडला नव्हता, ही चूक आमची. त्याने उपचार सोडले नव्हते. आमच्या वेळापत्रकात त्याला जागा नव्हती.

विश्वस्त मंडळाच्या त्यानंतरच्या बैठकीत आम्ही हे जसेच्या तसे मांडले. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, “खेळासाठी धर्मादाय पैसा का खर्चावा?” प्रश्न रास्त होता. त्यावर आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले, की याच गुडघ्याने हा तरुण पुढची तीस वर्षे ओझी उचलणार आहे आणि चिखलात उभा राहणार आहे. आज तो अर्धवट राहिला तर पन्नाशीच्या आत सांधा झिजून तो पुन्हा आमच्याच दारी येईल, आणि तेव्हाचा खर्च कितीतरी अधिक असेल. चर्चेअंती मंगळवार व शुक्रवार सायंकाळी पाच ते आठ भौतिकोपचार विभाग उघडा ठेवण्याचे ठरले. शल्यक्रियेनंतरच्या रुग्णांना केसपेपरचे शुल्क एकदाच आकारले जाईल. भाड्याचा प्रश्न सुटलेला नाही. त्यासाठी स्वतंत्र निधी असावा असा प्रस्ताव आहे, तो देणगीदारांपुढे अहवालाच्या अखेरच्या पानावर ठेवला आहे. ‘उपचार सोडले’ हा रकाना आम्ही वहीतून काढून टाकला. त्या जागी ‘का आला नाही’ असा रकाना आला आहे आणि तो भरण्यासाठी दूरध्वनी करणे ही कार्यालयाची जबाबदारी आहे.

तो तरुण नोव्हेंबरपासून सायंकाळी येतो. मधल्या चुकलेल्या महिन्यांमुळे नऊ महिन्यांचा हिशेब लांबला आहे. जानेवारीत त्याच्या संघाचा कर्णधार आमच्या कार्यालयात आला आणि “साहेब, निदान दोन षटके तरी उभा राहू दे की,” म्हणू लागला. आम्ही त्याला बाईंकडे पाठविले. तेथून तो पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आला. पण संघाने एक गोष्ट केली, जी आम्हाला आवडली. स्पर्धेच्या नोंदणी अर्जावर त्याचे नाव त्यांनी खोडले नाही. या हंगामात तो बाकावर बसून धावा लिहितो आणि सहामाहीचे मानधन नसले तरी वडापावात त्याचा वाटा असतो. यष्ट्यांमागे सध्या त्याचा चुलत भाऊ उभा राहतो, आणि बरा उभा राहतो, असे त्यानेच आम्हाला थोड्या कष्टाने सांगितले.

हा अहवाल छापावयास जात आहे तो मार्चअखेरचा सुमार. एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी त्याची चाचणी आहे : एका पायावर उडी मारून किती अंतर कापतो, ते दोन्ही पायांचे मोजावयाचे. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के भरली, तर शल्यविशारदांकडे परवानगीसाठी कागद जाईल. गेल्या महिन्यात ती ब्याऐंशी टक्के भरली होती. विभागाच्या फरशीवर बाईंनी त्यासाठी खडूने रेघ ओढून ठेवली आहे, आणि सफाई करणाऱ्या मावशी ती रेघ सोडून फरशी पुसतात.